चिंचा फोडत पाहिलेले सिनेमे

आमच्या गावात दुपार बायांची होती. सकाळी तलावात जाळी पडायची, मासे टोपल्यात भरून आसपासच्या गावांत विकायला जायचे, आणि जेवणं उरकली की ढीवर मोहल्ल्यातल्या बाया तलावाच्या पाळीवर जांभळाखाली येऊन बसायच्या. रविवारी तर हमखास. कुणी कुणाच्या डोक्यातल्या उवा काढायच्या, कुणी नुसत्या आडव्या व्हायच्या. या वेळात कोणी त्यांना काम सांगत नसे. आणि तिथे माझी मोठीमाय असायची.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या मोठ्या भावाची बायको. काळी, उंच, पुढचा एक दात पडलेला. तिला गावातल्या प्रत्येक माणसाची नक्कल करता यायची. पोस्टमन सायकलवरून उतरताना धोतर कसं सांभाळतो, मास्तर शिंकायच्या आधी रुमाल कसा शोधतात, सरपंच सही करण्याआधी पेन कसं दोनदा झटकतो. ती सरपंच व्हायची तेव्हा पोट नसतानाही तिला पोट यायचं. बाया हसून हसून पाळीवर लोळायच्या. मी सहावीत होते. मला वाटायचं, एवढं हसणं सगळ्याच गावांत असतं.

मग टीव्ही आला.

तो गावासाठी आला होता. पंचायत समितीच्या जीपमधून उतरला तेव्हा आम्ही पोरंसोरं मागे धावलो होतो. सरकता लाकडी दरवाजा असलेली मोठी पेटी. पंचायतीच्या खोलीचं छत गळतं, म्हणून चार दिवस सरपंचाच्या घरी ठेवू, असं ठरलं. ते चार दिवस सहा वर्षं चालले.

रविवारी संध्याकाळी हिंदी सिनेमा लागायचा. सरपंचाच्या ओसरीवर टेबल, टेबलावर टीव्ही, समोर खुर्च्यांवर त्यांचे पाहुणे आणि गावातली चार वजनदार माणसं. बाकीचे पुरुष पायऱ्यांवर. बाया अंगणात. बौद्ध मोहल्ल्यातल्या बायांना तर फाटकाजवळच बसवायचे, पुढे यायचं नाही असा इशारा असायचा. त्या दोन रविवार आल्या आणि तिसऱ्या रविवारपासून त्यांनी येणंच बंद केलं. आम्ही मात्र जात राहिलो. हे मी आज लिहिते तेव्हा माझे कान गरम होतात.

सुरुवातीला नुसतं बसायचं होतं. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी एका रविवारी सरपंचीणबाईंनी अंगणात चिंचांचा ढीग ओतला. त्यांच्या वावरात चिंचेची सात-आठ झाडं होती.

"बसल्या बसल्या हात चालवा वो," त्या म्हणाल्या. "डोळ्यानं पाह्याचं, हातानं फोडाचं. काई जड नाई."

बायांनी दगड घेतले. टरफल काढायचं, शिरा ओढायच्या, चिंचोके वेगळे टाकायचे. दिवसभर माशांचे काटे लागून कापलेले हात, त्यात चिंचेचा आंबट रस. माझी आई दर थोड्या वेळाने बोटं तोंडात घालायची. टीव्हीवर नायिका बागेत गाणं म्हणत होती आणि आमच्या बाया फुंकर घालत होत्या बोटांवर.

चिंचा संपल्या तेव्हा मोहफुलं आली, मोहफुलं झाली तेव्हा लाखोळीची डाळ निवडायला आली. रविवारची संध्याकाळ म्हणजे सरपंचाच्या घरचं काम, असं ठरूनच गेलं. सिनेमा लवकर पुरा व्हायचा नाही, मोठ्या पडद्यासारखी मजाही नव्हती, मधेच लाईन जायची. पण लाईन गेली तरी हात थांबवायचे नाहीत. आणि सिनेमा बंद केला तरी ढीग संपेपर्यंत उठायचं नाही. दुपारी पाळीवर लोळणाऱ्या याच बाया होत्या.

पाळ रिकामी होत गेली. रविवारी दुपारीच घरचं आवरून ठेवावं लागायचं, संध्याकाळी जागा मिळायला हवी म्हणून. मोठीमायही यायची सरपंचाकडे. तिच्या बाजूला मी बसायचे. सिनेमातला खलनायक चालायला लागला की ती बसल्या जागी मान तशीच वाकडी करायची, आणि मला हसू यायचं. पण अंगणात बाकी कुणी पाहायचं नाही. सगळ्यांचे डोळे ओसरीवर.

पुढच्या उन्हाळ्यात, पुन्हा चिंचा आल्या तेव्हा, एका रविवारी वरोऱ्याहून सरपंचाचे व्याही आले. सिनेमा अर्धा झाला होता. अंगणात चिंचांचा ढीगही अर्धा झाला होता. व्याह्यांना ओसरीवर वारं लागत होतं म्हणे, म्हणून दोन माणसांनी टेबल उचलून आतल्या खोलीत नेलं. दार लोटलं. आतून गाणं ऐकू येत होतं. आणि सरपंचीणबाई म्हणाल्या, "तेवढं पुरं करून जा वो."

बायांनी माना खाली घातल्या आणि फोडायला लागल्या.

टेबल आत नेताना पेटीची बाजू माझ्याकडे वळली होती. त्यावर पांढऱ्या रंगात अक्षरं होती. मी आजवर समोरूनच पाहिली होती ती पेटी. मी उठले आणि दार ढकलून उंबरठ्यावर उभी राहिले. शाळेत धडा वाचतात तसं मोठ्याने वाचलं, "ग्रामपंचायत मालमत्ता. सार्वजनिक वापरासाठी."

खुर्च्यांवरची माणसं वळली. मी पुन्हा वाचलं. मला वाटलं, पहिल्यांदा नीट ऐकू आलं नसेल.

"कोनाची पोरगी हे?" सरपंचाने विचारलं.

"ढिवराची," कुणीतरी म्हणालं.

मी मागे वळले. अंगणातल्या बाया माझ्याकडे पाहतील, काही बोलतील, असं मला वाटलं होतं. माझी आई चिंचांकडे पाहत होती. इतक्या खाली मान घातली होती तिने की तिचा चेहराच दिसत नव्हता. एकटी मोठीमाय उभी राहिली. ओटीतल्या चिंचा तिने ढिगावर सोडल्या, हात पदराला पुसले.

"पोरीनं वाचलं ते खरं हाय का, भाऊ?" तिने सरपंचाला विचारलं.

"तू घरी जाय," तो म्हणाला.

"चाललीच ना," ती म्हणाली, आणि माझ्या हाताला धरून फाटकाबाहेर पडली. आमच्या मागे कुणी आलं नाही. मला दगडाचे आवाज ऐकू येत राहिले, टक्, टक्, टक्.

दुसऱ्या दिवशी सरपंच तलावावर आला. वडील होडीतून जाळं उतरवत होते. मी पाळीवर होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"पोरगी लय शिकली तुमची," तो म्हणाला. "तलावाच्या ठेक्याचा ठराव औंदा पुन्हा मांडा लागते. सही माहीच लागते नाई का?"

एवढंच बोलला आणि गेला. वडिलांनी मला मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. ते घरी येऊन भिंतीला टेकून बसले आणि मला म्हणाले, "माय, येत्या रविवारी जाय आन् चुकली म्हन. मासेमारी गेली त सारा मोहल्ला उपाशी मरते."

मी गेले. सरपंचीणबाईंसमोर उभी राहून चुकले म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"बस तिथी. हात चालव."

मी बसले. दगड घेतला. आणि आता जे लिहिते ते मी आजवर कुणाला सांगितलं नाही. त्या दिवशीचा सिनेमा विनोदी होता. थोड्या वेळाने मी हसायला लागले. पोट धरून हसले. हात चालत होते, बोटं झोंबत होती आणि मी हसत होते. मोठीमाय आली नव्हती, हे माझ्या लक्षातसुद्धा राहिलं नाही.

ती पुन्हा कधीच आली नाही. पहिले काही रविवार ती पाळीवर जाऊन बसली. दोघीतिघी म्हाताऱ्या होत्या सोबत, मग त्याही आल्या नाहीत. मग ती रविवारी जाळी विणायला लागली. मी एकदा तिच्याजवळ जाऊन म्हटलं, "मोठीमाय, मास्तरचं करून दाखव ना." तिने करून दाखवलं. मी एकटी हसले. एकटीचं हसणं लवकर संपतं. ती पुन्हा सुई-दोऱ्याकडे वळली.

पुढे लोकांनी आपापले टीव्ही घेतले. आधी छोटे काळे-पांढरे, मग रंगीत. सरपंचाच्या घरी रंगीत आला तेव्हा पंचायतीची पेटी गोठ्यात गेली, आणि नंतर एके दिवशी नारळ फोडून, फोटो काढून ती पंचायतीच्या खोलीत बसवण्यात आली. चित्र दिसत नव्हतं, फक्त आवाज येत होता. तेव्हा ती आमची झाली.

मोठीमायचा मुलगा राजुऱ्याकडे कोळसा खाणीत लागला आणि तिला क्वार्टरमध्ये घेऊन गेला. मी तेव्हा नर्सिंग शिकत होते. भेटायला गेले तर घरातले पाचही जण ओळीने पलंगावर, टीव्हीकडे तोंड करून. मोठीमाय शेवटी. मी तिच्याजवळ बसले.

"तू बोलत काऊन नाईस?"

"कोनासंग बोलू? सारे तिकडंच पाहून राह्यले." मग ती म्हणाली, "त्या खोक्यातले माह्याकडे पाह्यत नाई ना, माय. मी काई केलं तरी ते आपलंच करतेत."

त्यानंतर दोन वर्षांनी ती गेली. मी तिच्या अंत्ययात्रेला पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

गेल्या वर्षी गावच्या शाळेचा कार्यक्रम झाला. जुने विद्यार्थी बोलावले होते. सरपंचाचा मुलगा, आता नागपूरला असतो, माईकवर बोलत होता. आजच्या पिढीच्या हातात मोबाईल आहे पण एकोपा नाही, तो म्हणाला. आमच्या अंगणात अख्खं गाव एकत्र टीव्ही पाहायचं, काय ते दिवस होते! लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी उठले. मंचावर गेले नाही, बसल्या रांगेतूनच बोलले. अख्खं गाव नव्हतं. फाटकाजवळून कोण परत गेलं, विचारा. आमच्या आया तिथे कामाला होत्या, फुकट, आणि तो टीव्ही त्यांचाच होता. एवढंच बोलले.

"ताई, त्या काळी तसंच होतं," तो हसून म्हणाला आणि पुढच्या वक्त्याचं नाव पुकारलं.

जेवणाच्या मांडवात आमच्याच मोहल्ल्यातली एक म्हातारी माझ्याजवळ आली. माझ्या आईच्या वयाची, आईच्याच शेजारी बसून फोडायची.

"जाऊ दे ना वो," ती म्हणाली. "मजा बी यायची ना."

"यायची," मी म्हणाले. "मले बी यायची. पन ते आपलंच होतं. पेटीवर लिहिलं होतं."

"असं?" ती खरंच चकित झाली. "मंग तवाच कोनी काऊन नाई सांगतलं आमाले?"

ती उंबरठ्यापासून चार हातांवर बसली होती त्या दिवशी. तिला आठवत नव्हतं, की आठवायचं नव्हतं, मला कळलं नाही. ताट तसंच ठेवून मी चंद्रपूरला घरी परतायची बस धरली. पूर्ण रस्ता मी स्वतःशी बडबडत होते. बाजूच्या सीटवरची मुलगी कानात वायर घालून मोबाईल पाहत होती, तिने ऐकलं नाही.