सुंदरानं माफी का मागावी?

मरोळच्या गावठाणात रीटा परेराचं घर विचारलं तर लोक आधी म्हणतात, "ती पुस्तकवाली रीटा ना?" आणि मग बोट दाखवतात. अंधेरीतल्या एका लॅबमध्ये दिवसभर लोकांचं रक्त काढायचं आणि संध्याकाळी ओटीवर पाय पसरून मराठी कादंबरी वाचायची, हा तिचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. चर्चमधल्या बायका पूर्वी हसायच्या. पुढे त्यांनाही हसायचा कंटाळा आला.

तिची लाडकी लेखिका एकच, मृणालिनी खोत. रीटाचं लग्न ठरलं होतं, तेव्हा या बाईंची पहिली कादंबरी तिच्या हाती आली. त्यात मुलुंडच्या मिठागरात राबणारी सुंदरा होती. नवरा मारतो म्हणून एका सकाळी ती पोराला कडेवर घेऊन निघते आणि वळूनही बघत नाही. त्याच सुमारास रीटाच्या होणाऱ्या नवऱ्यानं फर्मावलं, नोकरी सोड. ही नाही म्हणाली तर त्यानं तिचं मनगट पिरगाळलं. रीटानं साखरपुड्याची अंगठी काढून त्याच्या आईच्या हातावर ठेवली. पोरीचं डोकं फिरलंय, असं सगळं गावठाण म्हणालं. फिरलं तर फिरलं! ती पुन्हा लग्नाच्या वाटेला गेली नाही आणि त्याची हळहळही तिला कधी वाटली नाही.

नंतर बाईंच्या नव्या कादंबऱ्या यायला लागल्या. भाषा तीच, वाचता वाचता ओठांवर मीठ जाणवावं अशी. बायका मात्र बदलल्या. एक आश्रमात जाते, दुसरी छळणाऱ्या सासूचे पाय चेपत बसते. रीटा पुस्तक आपटायची, बाईंना शिव्या घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुढचं पान उघडायची.

यंदाच्या कादंबरीत सुंदराच परत आली. म्हातारी झालेली. शेवटी मरणाला टेकलेल्या नवऱ्याच्या उशाशी बसून ती म्हणते, माझंच चुकलं, मीच ताठ वागले.

लॅबमधली दीप्ती तेच पुस्तक वाचून डोळे पुसत आली. "काय शेवट आहे गं! मी तर रडलेच."

"मी पण रडले. रागानं," रीटा म्हणाली.

"मग सोड ना यार तिला. वाचू नको."

"का सोडू? माझी लेखिका आहे ती. तिच्याशी मी भांडणार."

संधी लवकरच आली. मुलुंडच्या एका वाचनालयात बाईंशी गप्पांचा कार्यक्रम होता. रीटा दीप्तीला ओढत घेऊन गेली. कौतुकाची भाषणं झाली आणि प्रश्न विचारा म्हटल्यावर ती उभी राहिली.

"सुंदरानं माफी का मागितली?"

बाई हसल्या. "वय झालं की राग गळून पडतो हो. तुम्हालाही कळेल."

"माझी साठी जवळ आलीय, बाई. माझा राग आहे तिथेच आहे आणि त्यानं माझं काही वाकडं झालेलं नाही. बरं, सुंदराचा गेला असेल, जाऊ दे. पण मार तिनं खाल्ला ना? मग माफी तिनं का मागायची?"

सभागृहात कुजबुज झाली. सूत्रसंचालक म्हणाले, "लेखकाला स्वातंत्र्य असतं, मॅडम. बसा आता."

"असू दे की. वाचणारीला पण असतं," रीटा म्हणाली, पण बसली नाही.

बाईंचं हसू मावळलं. "मला सुंदरा अशीच दिसली," त्या हळू म्हणाल्या.

"दिसली असेल. माझ्या घरी इतकी वर्षं जी राहतेय, ती माफी मागणार नाही."

मग ती बसली. दीप्तीनं मान खाली घातली होती. मागून कोणीतरी एकटीनंच टाळ्या वाजवल्या आणि लगेच थांबवल्या.

कार्यक्रम संपल्यावर दीप्ती दाराकडे निघाली, तर रीटा नवं पुस्तक घेऊन सहीच्या रांगेत! बाईंनी तिला ओळखलं.

"एवढी चिडलात, तरी विकत घेतलंत?"

"त्यात सुंदराची आई जाते ना, ते प्रकरण मी पुन्हा पुन्हा वाचलंय. माझी आई गेली तेव्हा मला जे बोलता आलं नाही, ते सगळं तिथं आहे. शेवट तेवढा मला मान्य नाही."

बाई पेन उघडून थांबल्या. "काय लिहू?"

"नुसती सही करा. सप्रेम वगैरे नको."

त्यांनी सही केली. पुस्तक परत देताना विचारलं, "पुढची वाचाल?"

"वाचणार ना. आणि नाही पटली तर पुन्हा येणार."

"या," बाई म्हणाल्या. त्या हसत नव्हत्या, पण पुस्तकावरचा हात त्यांनी जरा उशिराच काढला.

बाहेर आल्यावर दीप्ती भडकली. "सगळ्यांसमोर! लाज नाही वाटली तुला?"

"सुंदराची वाटली," रीटा म्हणाली.

मरोळ म्हटल्यावर रिक्षावाले मान हलवून पुढे जात होते. तेवढ्यात एक रिक्षा पानाच्या टपरीपाशी थांबली. रीटा न विचारता आत जाऊन बसली, दीप्तीला हात धरून ओढलं आणि म्हणाली, "मीटर टाक, दादा. मरोळ. उतरणार नाही मी."