बिनतिकिटाचं पाकीट

आमच्या ह्यांचा जन्म टपाल कचेरीत गेला. कमी तिकिटाचं पत्र ह्यांच्या नुसत्या हाताला कळायचं. माझ्या सख्ख्या भावाच्या पत्रालाही त्यांनी दंड लावला होता. असा सरळमार्गी माणूस, आणि नाद लागावा कुणाचा? दोनशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्रज सरदार-कवीचा. त्याच्या बायकांच्या भानगडी सांगायला बसलं तर संध्याकाळ व्हायची. "मला त्याच्या भानगडींशी काय करायचंय? मी पाकिटं जमवतो," हे म्हणायचे. त्या काळी तिकडे अशा बड्या लोकांनी पाकिटाच्या कोपऱ्यात सही केली, की पत्र फुकट जायचं. तशी चार पाकिटं मिळवून ह्यांनी काचेआड घातली आणि बाहेरच्या खोलीत टांगली. रोज स्वतः फडकं मारायचे. आतली पत्रं कुठे गेली, देव जाणे. ह्यांना ती नकोच होती. दुसऱ्याचं पत्र वाचू नये म्हणे.

मला मात्र त्या मेल्याचा हेवा वाटायचा. गावभरची पत्रं ह्यांच्या हातून गेली, पण मला आयुष्यात एक ओळ लिहिली नाही. एकदा ते फडकं मारणं बघता बघता माझं डोकंच फिरलं. पिशवी भरली आणि दारातून सांगितलं, "बहिणीकडे चालले. फोन करू नका. सहीचं पत्र आलं तरच परत येईन."

बहीण म्हणाली, "मग राहा आता जन्मभर इथेच."

मी रोज पोस्टमनच्या वाटेकडे डोळे लावून बसायची. शेवटी तो आला, आणि दंड मागायला लागला. पाकिटावर तिकीटच नव्हतं. कोपऱ्यात ह्यांची ठसठशीत सही, बस्स. माझ्या भावाला न सोडणाऱ्या माणसाचे हे उद्योग! दंड भरला, पाकीट उघडलं. आत काही नाही. उलटं करून झटकलं, तरी नाही.

तशीच तणतणत घरी आले. ह्यांनी पहिलं काय विचारावं? "फाडलं नाहीस ना गं?" भिंतीवर मधोमध एक नवी रिकामी फ्रेम होती. कवीला बाजूला सरकवलं होतं.

"आत काय पाठवलंत, वारा?" मी म्हटलं.

"रोज कागद घेऊन बसलो. काही जमेना." मान खाली. मग हळूच भिंतीकडे बोट दाखवून म्हणाले, "त्यानं पानंच्या पानं लिहिली. राहिली का एक तरी बाई त्याच्यापाशी?"

राग होताच, पण डोळे भरून आले. पाकीट मीच फ्रेममध्ये घातलं. फडकं अजून हेच मारतात. आधी माझ्या पाकिटाला, मग कवीला.