खोबरेल लावलेली रायफल

मी रायफलला खोबरेल तेल लावलं. केसांना लावतात ते. थोडंथोडकं नाही, आत जिथं जिथं बोट जाईल तिथं बोटानं, आणि बोट जाईना तिथं बायकोच्या डोळ्यांच्या औषधाच्या ड्रॉपरनं.

माझी पीएच.डी. उष्णतेवर आहे. शिवाय अमेरिकेत, हर्नडनच्या आमच्या घरात हिवाळ्यात रोज सकाळी खोबरेलाची बाटली गरम पाण्यात उभी करून ठेवणं हे माझंच काम होतं, कारण थंडी पडली की ते तेल बाटलीत मेणासारखं बसायचं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायचीही सोय नाही.

ऐंशीचं दशक निम्मं सरलं होतं. बरोबरीचे लोक व्हिडिओ कॅमेरे घेत होते. मी एका शनिवारी बंदुकांच्या प्रदर्शनात नुसता बघायला म्हणून गेलो आणि एक जुनी झेक लष्करी रायफल घेऊन घरी आलो. सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप दाबला की एक गोळी सुटते आणि पुढची आपोआप आत येऊन बसते. बाजूला दुमडून ठेवायची संगीनसुद्धा होती.

"अहो, उंदीर झालेत का घरात?" बायको म्हणाली.

शेजारी एक झेक म्हातारा-म्हातारी राहायची. घरात आम्ही त्यांना आजोबा-आजी म्हणायचो. तोंडावर काहीच म्हणायचो नाही, कारण त्यांचं आडनाव आम्हाला उच्चारता येत नसे आणि आमचं त्यांना. आजोबा मला 'इंजिनियर' म्हणायचे. मी मोठ्या ऐटीत रायफल घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. त्यांनी ती हातात घेतली आणि उलटीपालटी करून पाहिली. तरुणपणी सक्तीच्या लष्करी नोकरीत त्यांनी अशीच रायफल वागवली होती. मग त्यांनी संगीन उघडली आणि म्हणाले, "हिच्यावर आम्ही बटाटे भाजायचो. दुसरं काही खुपसायची वेळ आली नाही, देवाची कृपा."

तेव्हापासून दर शनिवारी आजोबा आमच्या गॅरेजमध्ये खुर्ची टाकून बसायला लागले. मी रायफल 'सुधारत' होतो. जुनं पॉलिश खरवडून काढलं, लाकूड घासलं, खांद्याला धक्का बसू नये म्हणून दस्त्याला रबराची गादी लावली. गालाशी जुन्या ब्रीफकेसचं चामडं शिवलं, पट्टा सुटकेसचा. आजोबा बघत राहायचे.

"इंजिनियर, ती बरी होती रे."

"आता जास्त बरी होईल."

"हं," म्हणायचे.

आजींच्या भावाचं तासाभरावर शेत होतं. कोठाराच्या मागे मातीचा उंच बांध होता, तिथं आजोबांनी मला नेम धरायला शिकवलं. माझ्या गोळ्या मातीत जायच्या हे खरं, पण बांध चांगलाच लांबरुंद होता. हिच्या गोळ्या सहजासहजी मिळत नसत, म्हणून ते एकेक गोळी रुमालात गुंडाळून आणायचे आणि माझा नेम चुकला की रुमालानं कपाळ पुसायचे.

पुढच्या उन्हाळ्यात त्यांना कॅन्सर निघाला. पोटातला. ऑगस्टमधल्या एका शनिवारी ते गॅरेजमध्ये बसले होते, अंगात स्वेटर. बाहेर माणूस भाजून निघेल असं ऊन.

"एक काम करशील?" ते म्हणाले. "इथं सैनिक गेला की बंदुका झाडून सलामी देतात. मला कोण देणार? मी पडलो चुकीच्या, कम्युनिस्टांच्या सैन्यातला. पण दोन वर्षं मी चिखलात उभा राहिलोय रे. मला पुरल्यावर शेतावर जा आणि बांधात तीन गोळ्या मार. हिनंच मार. मला हिचा आवाज माहीत आहे."

मी हो म्हणालो. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "नेम चुकला तर?"

"बांध चुकवणं तुलासुद्धा जमणार नाही," ते म्हणाले.

आता माझ्यावर जबाबदारी आली होती, आणि जबाबदारी आली की माझे हात स्वस्थ बसत नाहीत. बंदुकीच्या तेलाचा वास बायकोला सोसत नव्हता. आमच्या कोकणातल्या घरी वडील दाराच्या बिजागऱ्यांपासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्याला खोबरेल घालायचे, आणि कधी काही अडलं नव्हतं. तिथं थंडी कसली पडतेय! मी खोबरेल घातलं. सप्टेंबरात शेतावर एक गोळी मारून पाहिली. रायफल लोण्यासारखी चालली. मग जाडसर आणखी एक हात दिला आणि तिला गॅरेजमध्ये गुंडाळून ठेवली.

आजोबा जानेवारीत गेले. दफनाच्या दिवशी जमीन इतकी टणक होती, की खणणाऱ्यांना आदल्या दिवसापासून यावं लागलं होतं. नंतर सगळे शेतावर आलो. माणसं मोजकीच, बहुतेक म्हातारी, काळ्या कोटांत. कोठाराच्या मागे ओळीनं उभी राहिली. आजींनी डोक्यावरचा स्कार्फ कानांवरून मागे सारला, आवाज नीट ऐकू यावा म्हणून.

मी गोळ्या भरल्या. आजोबांच्याच रुमालातल्या. गोळी आत ढकलणारा खटका मागे ओढला. तो अर्ध्यावर आला आणि तिथंच थांबला. ना मागे, ना पुढे. मी ढकलला, ओढला, तळहातानं ठोकला. हातमोजे काढून पुन्हा ठोकला. फटीतून पांढरं काहीतरी दिसत होतं. घट्ट, साजूक तुपासारखं. ते काय आहे हे मला त्याच क्षणी कळलं, आणि तरीही मी आणखी बराच वेळ खटपट करत राहिलो, कारण थांबलो असतो तर मागे वळून बघावं लागलं असतं.

एक म्हातारा खोकला. शेवटी आजींनी स्कार्फ पुन्हा कानांवर ओढला आणि म्हणाल्या, "चला आत. सूप निवेल."

मी गोळ्या काढून खिशात टाकल्या, आत काही राहिलं नाही ना ते दोनदा तपासलं आणि आत येऊन रायफल शेगडीजवळच्या भिंतीला टेकवून ठेवली. बायको शेजारी येऊन बसली. तिनं माझा हात हातात घेतला. तो थंडीनं लाल झाला होता. लोक हळू आवाजात त्यांच्या भाषेत बोलत होते. मधूनच आजोबांचं नाव ऐकू यायचं. मला उच्चारता न येणारं.

मग वास सुटला. आधी बायकोनं मान वर केली. खोबरेलाचा वास, न्हायच्या दिवसाचा, त्या परक्या स्वयंपाकघरात सूप आणि ओल्या लोकरीच्या वासांत मिसळून दरवळायला लागला. लोक इकडेतिकडे बघू लागले. दस्त्यावरून एक ओघळ फरशीवर उतरला, आणि भिंतीला टेकलेल्या रायफलीचा खटका आपोआप सुटून पुढे गेला.

खट्ट!

सगळे दचकले. आजींच्या हातातला चमचा टेबलावर पडला. आवाज गोळीचा नव्हता, नुसत्या लोखंडाचा. पण त्यांनी तो ओळखला असावा, कारण त्या दाराकडे बघायला लागल्या, जणू कुणी आत येणार होतं.

मी धडपडत उठलो. "आता चालेल! चला, आता नक्की चालेल, पाच मिनिटांत..."

"कसला वास हा?" आजींनी माझ्या बायकोला विचारलं.

"केसांच्या तेलाचा," बायको खाली बघत म्हणाली. "आम्ही डोक्याला लावतो."

आजींनी रायफलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. डोळे भरलेले होते, आवाज मात्र कोरडा.

"बस खाली," त्या म्हणाल्या. "एकच काम सांगितलं होतं त्यानं तुला. आणि तू तिचे केस विंचरत बसलास."