वहीतला खांदा

या मंडळी, जरा पुढे सरकून बसा. देवाच्या दारात बसलोय, तेव्हा ऐकलं तसंच सांगीन. गोष्ट एका शर्टाची आहे, आणि तो बघायला परत आलेल्या माणसाची.

विट्याचे विश्रामअप्पा दुपारचं जेवून आरामखुर्चीत पडलेत. अंगात नवा पांढरा शर्ट, नातीच्या साखरपुड्यासाठी शिवलेला. शिवणारा सोपान, म्हणजे नारबा शिंप्याचा मुलगा. नारबाला जाऊन सहा महिने झाले. बापामागं सोपाननं एकट्यानं बेतलेला हा पहिलाच शर्ट. सकाळी देताना तो खाली मान घालून म्हणाला होता की, अप्पा, संध्याकाळी येतो, खरं काय ते सांगा. हात बसला नसेल तर मशीन झाकतो आणि तयार कपड्यांच्या दुकानात नोकरी धरतो.

आरशापुढं शर्ट झकास दिसतो. तरी कुठंतरी अवघडतो. कुठं, ते अप्पांना उमगत नाही. पोराचं मन कशाला मोडा, छान झालाय म्हणून टाकू, असं घोकता घोकता डोळा लागतो.

कात्रीचा आवाज येतो. समोर नारबा, गळ्यात टेप, कानावर निळा खडू. दुकान त्याचंच आहे, पण भिंतींच्या जागी देवळाचे खांब आहेत आणि एका खांबाला आरसा टेकवलाय. कीर्तनाला माणसं बसलीत, आणि सगळ्यांच्या अंगात अप्पांचाच शर्ट. बुवांच्यासुद्धा.

"नारबा, तू तर..." अप्पा अडखळतात. गेलेल्या माणसाला तसं तोंडावर म्हणावं का?

"असा ताठ कशाला उभा? फोटो काढायचाय?" नारबा म्हणतो. "वीणा घे."

वीणा कुठून येते कळत नाही. तीस वर्षं कीर्तनात हीच गळ्यात अडकवून अप्पा उभे राहिलेत. ती घेताच डावा खांदा सवयीनं खाली उतरतो, आणि मानेमागं शर्ट फुगतो, कॉलर कानाला लागते, बाही मनगट सोडून वर पळते.

"कपडा आरशात बघायचा नसतो. माणूस ज्या कामाला उभा राहतो, त्या कामात बघायचा."

मापं तर तुझ्याच वहीतली, अप्पा कुरकुरतात. सोपान म्हणाला, बाबांच्या मापावर मी दुसरी टेप कशी धरू?

आता ते नदीकाठी आहेत, जिथं नारबाला पोहोचवलं होतं तिथंच. धोंड्यांवर शर्ट वाळताहेत, आणि कीर्तन मात्र तसंच ऐकू येतंय.

"पोरानं माझं अक्षर शिवलं रे, तुला नाही. तुझा खांदा अर्धा इंच उतरतो, हे मी कधी लिहिलंच नाही. बोटांना ठाऊक होतं. लिहायला हवं होतं."

"मग त्याला सांगू काय?"

"खोटं बोललास तर जन्मभर माझ्या वहीतच राहील तो. शिवण बघ त्याची. माझ्याहून बारीक आहे."

तुझं तिकडं बरं आहे ना, अप्पा विचारतात.

"कीर्तन रोज आहे. पण एकाचाही अंगरखा धड बसत नाही," म्हणत नारबा कानावरचा खडू काढतो आणि अप्पांच्या खांद्यावर रेघ ओढतो.

"अप्पा?"

हा आवाज बापाचा की मुलाचा, क्षणभर कळत नाही. दारात सोपान उभा आहे. त्याची नजर अप्पांच्या डाव्या खांद्यावर खिळलीय. पांढऱ्या कापडावर निळी, किंचित तिरकी रेघ.

"निळा खडू तर बाबांच्या खिशात ठेवून आम्ही त्यांना निरोप दिला," तो हळू म्हणतो.

अप्पांना काहीच उलगडत नाही. ते फक्त उठतात, वीणा धरावी तसे हात धरतात आणि म्हणतात, "शिवण फार सुरेख आहे, सोपान. पण शर्ट बसला नाही. टेप काढ. वही राहू दे."

सोपान टेप काढतो.

तेव्हा मंडळी, नवा शर्ट अंगात घालाल त्या दिवशी आरशापुढून बाजूला व्हा, रोजच्या कामाला उचलता तसे हात उचला, आणि एकदा आमच्या नारबा शिंप्याची आठवण काढा.