पाहुणे आले की टाइप करायचं

"हेडफोन लावा आणि टाइप करत राहा," एचआरच्या मॅडम माझ्या कानाशी म्हणाल्या.

"काय टाइप करू?"

"काहीही. पाहुणे आलेत."

मी जन्मापासून आंधळी. संगणक बोलतो, ते ऐकून मी काम करते. त्या दिवशी हेडफोनमध्ये काहीच नव्हतं. संगणक बंद होता. तसं मी हळूच सांगितलं. खांद्यावर हात पडला, जरा जास्तच जड. "करा ना."

मी केलं. बंद यंत्रावर बोटं आपटत राहिले. समोर टाळ्या वाजल्या. कुणीतरी म्हणालं, "इन्स्पायरिंग." हळदीकुंकवाला मांडलेल्या गौरीसारखी मी मध्ये बसले होते.

पुण्यात खराडीतलं ते ऑफिस. विश्रांतवाडीहून बस बदलून जायचे. ग्राहकांच्या तक्रारी फोनवर घेण्यासाठी माझी निवड झाली होती, रीतसर परीक्षा देऊन. आईनं पेढे वाटले होते. फोन मला कधी मिळालाच नाही. काम मागितलं की मॅडम म्हणायच्या, "अहो, पगार होतोय ना वेळेवर? मग त्रास कसला करून घेता?" आजूबाजूला सगळ्यांचे फोन वाजायचे. मी दिवसभर ते ऐकायचे. संताप यायचा. तो गिळून डबा खायचे.

माझ्या आधी त्या खुर्चीवर एक बाई बसायची. तिलाही दिसत नव्हतं. चहावाल्या मावशींनी आवाज खाली करून सांगितलं, "ती पण सारखं काम मागायची. मग यायचीच बंद झाली. तिचं नाव इथं कुणी काढत नाही." तेवढ्यात मॅडमच्या चपला वाजल्या. मावशी चहा घेऊन पुढे गेल्या.

परवा मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. आवाज एकदम गोड.

"सोमवारपासून तुमच्यासारखीच एक मुलगी येतेय. पाहुणे आले की काय करायचं, ते तिला समजावून सांगा. तुमचं ऐकेल ती."

मला शोभेला बसवलं होतंच. आता माझ्याच हातून तिलाही बसवणार होते.

"नाही सांगणार," मी म्हणाले. "तिला फोन द्या. मलाही द्या."

"विचार करून बोला. बाहेर कोण घेणार आहे तुम्हाला?"

"करूनच बोलतेय."

त्यांनी उठून दार उघडलं. म्हणाल्या, "ठीक आहे. बघू."

त्या 'बघू'चा अर्थ मला कळतो. माझ्या कार्डानं आता ऑफिसचं दार उघडेल की नाही, माहीत नाही. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? तरी सोमवारी मी गेटवर उभी असेन. आत सोडलं नाही तर बाहेर. ती मुलगी आत जायच्या आधी तिला सगळं सांगणार आहे. माझ्या आधी माझ्या खुर्चीवर बसणाऱ्या त्या बाईचंही. मग आम्ही दोघी काम मागू. रोज मागू. दिलं नाही, तर पाहुण्यांसमोर मागू.