सरसक्का आणि तीस टक्के मजुरी

सरसक्कांच्या घरी आलेला माणूस रिकामा बसू शकत नसे. पोस्टमनकडूनही त्या माळ्यावरचा डबा काढून घेत. मी पहिल्यांदा गेले ती 'घरोघरी सौरऊर्जा' हे पत्रक घेऊन. अक्कांनी ते उलटंपालटं केलं आणि माझ्यापुढे नारळ नि खोवणी ठेवली. "सुम्ने, उगाच रिकामी उभी राहू नकोस. बोलता बोलता खोवून टाक."

म्हैसूरच्या अग्रहार भागात त्यांचं गच्चीचं छोटं घर होतं. त्यात त्या एकट्या. पुण्याचा मुलगा, श्रीधर, दिवाळीत येऊन त्यांना कायमचं घेऊन जाणार होता. त्याचं पालुपद ठरलेलं: फाटक लागत नाही, गच्चीवर पाणी तुंबतं, मोरीचा नळ गळतो, अशा घरात आईनं एकटीनं राहायचं नाही. अक्कांना जायचं नव्हतं. "पुण्यात मी कन्नडात कुणाशी भांडू गं?"

त्यांनी सोलर बसवायचं ठरवलं ते पर्यावरणासाठी नव्हे. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं आहे. नवी वस्तू लावलेलं घर कोण सोडतं, एवढाच त्यांचा विचार.

कंत्राटदार महेश बिल घेऊन आला. जीएसटी दोन ओळींत होता. सत्तर टक्के रक्कम मालाची, तिच्यावर पाच टक्के. तीस टक्के मजुरीची, तिच्यावर अठरा. मी तिथल्या तिथे भडकले. ऊन फुकट, आणि ते घरात आणणाऱ्या हातांवर अठरा टक्के? ही लूट...

"गप गं," अक्का म्हणाल्या. "महेश, दोन पोरं अर्ध्या दिवसात काम उरकतील म्हणालास ना? त्याची मजुरी तीस टक्के?"

"खरी किती ते कुणी बघत नाही, अक्का. सरकारनं तेवढी धरलीय."

"सरकारनं धरलीय आणि कर मी भरतेय. मग तेवढं काम नको?"

महेश हसला. तिथेच त्याचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पॅनेल बसली, इन्व्हर्टर बसला. पोरं शिडी उचलू लागली तशा अक्का दारात आडव्या उभ्या राहिल्या. "अय्यो, कुठे निघालात? ही मजुरी तर दहा टक्केसुद्धा नाही झाली."

फाटकाच्या बिजागऱ्या बदलल्या गेल्या. गच्चीचा पन्हळ मोकळा झाला. मध्ये बिसीबेळे भात आणि कॉफी, तोंडी लावायला अक्कांचा हिशेब: "पोटभर जेवा रे, अजून पंधरा टक्के उरलेत." मी समजावलं की हे कर मोजण्यापुरतं गृहीत धरलेलं प्रमाण आहे, गिऱ्हाइकाचा हक्क नव्हे. त्यांनी मला नळाखाली बादली धरायला लावली.

संध्याकाळी महेशनं हात जोडले. "अक्का, सोडा आता."

"अठरा टक्के परत देतोस?"

"ते सरकारला जातात हो!"

"मग सरकारला पाठव. न्हाणीघराची कडी राहिलीय."

कडी महेशनं स्वतः लावली.

मी त्या कराविरुद्ध अजूनही सह्या गोळा करते. अक्कांनी मात्र सही दिली नाही. "कमी झाला तर काम पण कमी करतील," म्हणाल्या.

दिवाळीत मी फराळाला गेले तेव्हा श्रीधर घर तपासत होता. फाटक लागलं. नळ गळेना. गच्चीवर त्यानं बादलीभर पाणी ओतलं. ते निमूट निघून गेलं. शेवटी त्यानं पॅनेलकडे बोट दाखवलं. "आई, या वयात हे कशाला?"

"पंचवीस वर्षांची गॅरंटी आहे रे. मध्येच कशी सोडून येऊ?"

श्रीधरनं फोन काढला आणि पॅनेलच्या सावलीत उभं राहून आईचं पुण्याचं तिकीट रद्द केलं.