भोपळ्यातले अंगठे

तागुमाने आडमुठे बैल नांगराला लावले होते, पण मेहुणीला म्बिरा हे अंगठ्यांनी वाजवायचं वाद्य शिकवताना त्याचा जीव अगदी मेटाकुटीला आला.

व्होंगाई म्हणजे त्याच्या बायकोची धाकटी बहीण, पन्नाशीची. सासूबाईंच्या स्मरणाचा दिवस दोन आठवड्यांवर आलेला. म्हातारी होती तेव्हा हा वाजवायचा आणि ती दुसऱ्या म्बिरावर सुरात उत्तर द्यायची. आता ते उत्तर लेकीने द्यायचं होतं. तिला नाही जमलं तर आईच्या जागी शेजारच्या गावचा कोणीतरी परका बसणार.

म्बिराची फळी वाळक्या पोकळ भोपळ्यात काठीने अडकवलेली, लोखंडी पट्ट्या आत, हातही आत. आणि ही बाई दर दोन सुरांनी मान वाकडी करून भोपळ्यात डोकावणार.

"आत काय बघतेस? घूस शिरलीय?"

"पट्टी शोधतेय, भावोजी."

"डोळ्यांनी? मग अंगठे काय भाड्याने आणलेत?"

"ताईने तुमच्यात काय पाहिलं, तेही अजून सापडलं नाही मला."

डोळ्यांवर फडकं बांधलं, तर ती खालून बघायला लागली. मग नीट दिसावं म्हणून तिने भोपळाच तिरका केला, काठी निसटली आणि फळी पायावर आदळली. तिच्या नाही, त्याच्या.

"धाकटी बायको म्हणून सोसतोय हं तुला," अशी मेहुणीची रिवाजातली थट्टा करत तागुमा लंगडत लाकडं फोडायला गेला. स्मरणाच्या दिवसाची बियर शिजवायला लाकडं फोडायची ती जावयानेच, त्यातून काय सुटका?

व्होंगाई तिथेच बसली. समोर खडकावर बियरसाठी मोड आणलेली नाचणी वाळत होती आणि कोंबड्या टपलेल्या. "हुश्श, मेल्यांनो," असं ओरडत, नजर त्यांच्यावर ठेवून, ती चाळा म्हणून वाजवत राहिली. तागुमाची कुऱ्हाड वरच थांबली. एकही पट्टी चुकत नव्हती.

त्याने कुऱ्हाड खाली टेकवली. हळूच गेला आणि कुडाचं दार उघडून शेळ्याही नाचणीकडे सोडल्या. त्यावरून बायकोच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्या.

स्मरणाच्या दिवशी मात्र नाचणीची बियर झालेली, राखायला काहीच उरलं नव्हतं. तागुमाने डोकं खाजवलं आणि मेहुणीला बसवलं ते बरोबर धाकटा जावई, तिच्या पाठच्या बहिणीचा नवरा पेझिसाई, बोकड कापत होता, त्याच्या समोर. त्याच्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. सूर सुरू झाले. तिने भोपळ्याकडे एकदाही पाहिलं नाही. म्हाताऱ्या बायका उठून नाचायला लागल्या.

"भावोजी, त्याने काळीज स्वतःकडे सरकवलं."

"वाजव गं बाई," तागुमा दातओठ खात म्हणाला.

"अहो, बघा तरी."

"तू बघ. मी वाजवतोय."